धंतोलीतील शिरांचा दवाखाना : गरोदरपणातील सल्ला, मोजे आणि त्यानंतरचे लेझर

पायांच्या फुगलेल्या शिरांवर, म्हणजे आता सर्रास ज्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हटले जाते त्यांच्यावर, उपचार करणारे दवाखाने नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या भागांत बरेच आहेत. त्यांपैकी धंतोलीतील एका दवाखान्यात मी गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यापासून ते बाळंतपणानंतरच्या लेझर उपचारापर्यंत रुग्ण म्हणून जात राहिले. दवाखाना एका रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांचा आहे आणि शस्त्रक्रिया हाच त्यांचा व्यवसाय आहे. तरीही गरोदरपणात शस्त्रक्रिया करायची नाही, असे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले, कारणे समजावून सांगितली आणि पुढचे काही महिने शस्त्रक्रियेशिवाय कसे निभवायचे याची पूर्ण व्यवस्था लावून दिली. या लेखात त्या व्यवस्थेचे परीक्षण आहे, त्यातल्या उणिवांसह.

दवाखान्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही. पुढे एका दुसऱ्या दवाखान्याबद्दल तक्रार येणार आहे. एकाचे नाव झाकायचे आणि दुसऱ्याचे मिरवायचे, हे मला योग्य वाटले नाही. शिवाय काय पाहावे आणि काय विचारावे हे कळले, तर वाचणाऱ्या बाईला कोणत्याही दवाखान्याची पारख स्वतःच करता येईल.

मी शाळेत शिकवते. तासामागून तास उभे राहण्याची सवय आहे. पहिल्या बाळंतपणात डाव्या पोटरीवर हिरवट शिरा दिसू लागल्या होत्या, त्या नंतर बऱ्याचशा बसल्या. दुसऱ्या खेपेला मात्र पाचवा महिना सरता सरता डाव्या मांडीच्या आतल्या बाजूने घोट्यापर्यंत एक जाड, वेडीवाकडी शीर उठून आली. संध्याकाळी पाय शिशासारखा जड व्हायचा, घोट्याभोवती सूज यायची, खाज सुटायची आणि रात्री पोटरीत गोळे यायचे. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी काळजीचे कारण नाही असे सांगितले होते, पण त्रास वाढल्यावर एकदा शिरांच्या डॉक्टरांना दाखवून या, असेही त्यांनीच सुचवले.

धंतोलीला जाण्याआधी मी शहराच्या दुसऱ्या भागातील एका केंद्रात जाऊन आले. तेथे मला झोपवून घाईघाईने सोनोग्राफी केली आणि डॉक्टरांच्या आधी एका समुपदेशक बाईंनी दोन्ही पायांच्या लेझरचे, म्हणजे उष्णता देऊन शीर आतून बंद करण्याचे, पॅकेज समोर ठेवले. फक्त तेवढा भाग बधिर करून होणारे काम असल्यामुळे बाळाला काहीच धोका नाही, बाळंतपणाआधी उरकून घेतले तर नंतर तान्हे मूल घेऊन धावपळ करावी लागणार नाही, आणि चालू महिन्यात नोंदणी केली तर सवलत मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टर आले तेव्हा त्यांनीही ते खोडून काढले नाही. बाळंतपणानंतर या शिरा आपोआप कमी होतात का, असा प्रश्न मी विचारला, तेव्हा 'तुमच्या केसमध्ये नाही होणार' एवढेच उत्तर मिळाले. बाळंतपण व्हायच्या आधीच हे त्यांना कशावरून कळले, ते मला अजूनही उमगलेले नाही. तपासणीचा अहवाल मागितल्यावर तो पॅकेजमध्ये समाविष्ट आहे, असे सांगून रिकाम्या हाताने परत पाठवण्यात आले.

धंतोलीतील तपासणी याच्या अगदी उलट होती. डॉप्लर तपासणी ही रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफीच असते, तिच्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे गरोदरपणात ती निर्धास्तपणे करता येते. खोलीबाहेर गर्भलिंगनिदान केले जात नसल्याचा फलक होता आणि तपासणी पायाची असली तरी रुग्ण गरोदर म्हणून माझ्याकडून नोंदणीचा अर्ज भरून घेतला गेला. आत गेल्यावर मला दोन पायऱ्यांच्या एका लाकडी चौरंगावर उभे केले, धरायला भिंतीला दांडी होती. शिरांमधला उलटा प्रवाह उभ्यानेच नीट दिसतो, कारण रक्ताला खाली परतू न देणाऱ्या शिरांतल्या झडपांवर तेव्हाच रक्ताचे वजन पडते, असे डॉक्टर म्हणाले. डाव्या पायावरचा भार काढून उजव्या पायावर उभे राहायला सांगून त्यांनी जांघेजवळ प्रोब ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझी पोटरी दाबून सोडली. दाबताच पडद्यावर निळा रंग वर सरकला. सोडल्याबरोबर त्याच जागी लाल रंग भरला आणि तो थांबेचना, यंत्रातून भरभर असा आवाज येत राहिला. निरोगी शिरेत सोडल्यावर झडप मिटते आणि हा प्रवाह अर्ध्या सेकंदाच्या आत थांबतो. माझ्या पायात तो कितीतरी अधिक टिकत होता. नंतर मला आडवे केले, पण सरळ पाठीवर नव्हे: उजव्या कमरेखाली उशी सरकवून थोडे डाव्या कुशीवर कलते ठेवले, म्हणजे गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडू नये. या स्थितीत त्यांनी खोलवरच्या शिरा इंच इंच दाबून पाहिल्या. शीर प्रोबखाली पूर्ण चपटी झाली तर तिच्यात गुठळी नाही, असा त्याचा अर्थ. मधेच भोवळ आल्यासारखे वाटले तर बसता यावे म्हणून मागे स्टूल ठेवलेले होते. ही एवढीशी गोष्ट, पण गरोदर बाईला किती वेळ उभे करावे याचे भान त्या खोलीत होते.

निदान असे निघाले की जांघेपासून घोट्यापर्यंत त्वचेखालून जाणाऱ्या लांब शिरेची, जिला वैद्यकात ग्रेट सॅफेनस व्हेन म्हणतात, जांघेतली झडप निकामी झालेली आहे आणि खोल शिरा स्वच्छ आहेत. गरोदरपणातच हे का वाढले, याचे स्पष्टीकरण डॉक्टरांनी कागदावर पायाचे आणि पोटाचे चित्र काढून दिले. गरोदरपणात अंगातल्या रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैल पडतात, त्यामुळे झडपांची पाती एकमेकींना भिडत नाहीत. वाढते गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देते आणि पायातले रक्त वर चढायला अडते. डाव्या बाजूची मोठी शीर उजव्या बाजूच्या धमनीखालून जात असल्याने तिच्यावर तसाही दाब असतो. डाव्या पायाला अधिक त्रास होण्याचे हे एक कारण. ही कारणे बाळंतपणासोबत बहुतांशी निघून जातात. म्हणूनच पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत बऱ्याच बायकांच्या शिरा आपसूक लहान होतात, काहींच्या तर जवळजवळ दिसेनाशा होतात.

शस्त्रक्रिया आत्ता का नाही, याचे उत्तर यातच बरेचसे आले होते. आज ज्या शिरेत लेझर घालायचे, ती उद्या आपोआप बसणार असेल, तर विनाकारण इजा केल्यासारखे होते. शिवाय या काळात शिरा तात्पुरत्या रुंदावलेल्या असल्यामुळे कोणती कायमची बिघडली आहे आणि कोणती नाही हे मोजमापावरून ठरवताच येत नाही. त्यापेक्षा महत्त्वाचे कारण गुठळीचे. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या बाईच्या मानाने ४ ते ५ पट असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत तो आणखी चढतो. शिरेला मुद्दाम चटका देणारा उपचार अशा वेळी करणे म्हणजे त्या धोक्यात आपण होऊन भर घालणे. शिरेत फेस सोडून ती बंद करण्याची जी पद्धत आहे, तिच्यातली पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट ही औषधे गरोदरपणात टाळली जातात. जांघेत छेद देऊन शीर बांधण्याची आणि ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया तर भूल आली, जखम आली आणि झोपून राहणे आले, म्हणून त्याहून नको.

मी अर्थातच विचारले की हे तुमचे मत की सगळ्यांचेच. त्यावर त्यांनी ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेची २०१३ सालची मार्गदर्शक तत्त्वे संगणकावर उघडून दाखवली. गरोदरपणात अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास व्हेरिकोज व्हेन्सवर हस्तक्षेपाचा उपचार करू नये, असे त्यांत नि:संदिग्ध शब्दांत लिहिलेले आहे, आणि पायांच्या सुजेचा त्रास कमी करण्यासाठी दाबाच्या मोज्यांचा विचार करावा, असेही. अपवाद कोणता, तर शीर फुटून वारंवार रक्तस्राव होत असेल, असा. तेव्हाही शक्यतो तेवढ्याच जागेचे, टाक्याचे काम करतात. जो माणूस शस्त्रक्रिया करून पोट भरतो, त्याने आलेला रुग्ण पुढे ढकलायचा आणि त्यासाठी पुरावाही दाखवायचा, हे मला विशेष वाटले. तपासणी शुल्क थोडे जास्त आहे खरे. पण मला ते त्या नकारापोटी आणि त्यासाठी दिलेल्या निवांत वेळापोटी वाजवी वाटले.

आता मोज्यांकडे वळते, कारण गरोदरपणात प्रत्यक्ष उपचार म्हणून जे काही मिळते ते हेच असते, आणि नेमके याच बाबतीत बायका कंटाळून सोडून देतात. हे मोजे औषधाच्या दुकानात लहान, मध्यम, मोठा असे सांगून मिळतात तसे घेऊ नयेत. दवाखान्यातील परिचारिकेने मला दुसऱ्या दिवशी सकाळी, सूज चढायच्या आत बोलावले आणि घोट्याच्या वरची सर्वांत बारीक जागा, पोटरीची सर्वांत जाड जागा, मांडीचा घेर आणि टाचेपासून जांघेपर्यंतची लांबी अशी मापे टेपने घेऊन ती पत्रकावर लिहिली. दाबाच्या श्रेणी ठरलेल्या असतात. मला दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे घोट्याशी पाऱ्याच्या २३ ते ३२ मिलिमीटर इतका दाब देणारे मोजे सांगितले. श्रेणीचे आकडे युरोपातल्या देशादेशांत वेगळे आहेत, त्यामुळे पाकिटावर केवळ 'क्लास २' पाहून न घेता दाबाचे आकडे वाचावेत, हा तिचा सल्ला मला फार उपयोगी पडला. दाब घोट्याशी सर्वाधिक आणि वर कमी होत गेलेला असतो. मोजा वरून दुमडला की ही रचनाच उलटी होते आणि दुमडीची दोरी पायाला काचते.

घालायचे कसे, हे तिने स्वतःच्या हाताने करून दाखवले. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आधी घालायचे, टाच बरोबर टाचेच्या जागी आली की मग उरलेला मोजा तळहाताने, बोटांनी ओढता नव्हे, वर सरकवायचा. घरातले भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते. सकाळी अंथरुणातून पाय खाली सोडायच्या आधी घालायचा, रात्री झोपताना काढायचा. पोट पुढे आल्यावर वाकणे जमेना, तेव्हा हे काम नवऱ्याने शिकून घेतले. परिचारिकेने पहिल्याच दिवशी त्यालाही आत बोलावले होते. पुढून उघडे मोजे घेतल्यामुळे बोटांना हवा लागत राहिली आणि जोडवीही काढावी लागली नाहीत, याचा सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मोज्यांबद्दल दवाखान्याने एक गोष्ट मात्र पुरेशी सांगितली नाही, आणि ती नागपूरकराला सांगायलाच हवी. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात असताना मांडीपर्यंतचा घट्ट मोजा घालून शाळेत उभे राहणे ही शिक्षा आहे. घामाने मांडीच्या आतल्या बाजूला पुरळ उठले, सिलिकॉनची पट्टी असलेल्या जागेची त्वचा सोलवटली. तक्रार केल्यावर डॉक्टरांनी लगेच गुडघ्याखालचे मोजे दिले आणि तेही बहुतेकींना पुरतात असे म्हणाले. तसे असेल तर उन्हाळा तोंडावर असताना महागडी मांडीपर्यंतची जोडी आधी का घ्यायला लावली? मोज्यांचे दुकान दवाखान्याच्याच इमारतीत आहे, याचा याच्याशी संबंध नसावा असे मानायला मी तयार आहे. बाकी, कूलरसमोर दुपारी पाय उशीवर ठेवून डाव्या कुशीवर पडणे, दर तासाला पावले वरखाली हलवणे आणि वर्गात एकाच जागी न उभे राहता बाकांमधून फिरणे, या साध्या गोष्टींनी मोज्याइतकाच आराम पडला. मोज्यांनी जडपणा आणि सूज निश्चित कमी केली. शिरा मात्र जशाच्या तशा राहिल्या, आणि तसेच होईल हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते.

या दवाखान्याची खरी कसोटी आठव्या महिन्यात लागली. गुडघ्याच्या खाली, त्या फुगलेल्या शिरेवर, एक बोटभर लांब लालसर, टणक आणि हात लावू न देणारी रेघ उमटली. पहिल्या भेटीत मला मराठीत छापलेला एक कागद दिलेला होता, त्यावर सूचना होत्या. एका पायाला अचानक सूज, पोटरीत दुखणे, शिरेवर लाल टणक रेघ, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास वाट पाहू नये. दम लागल्यास दवाखान्याला फोनही न करता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. आणि शीर फुटून रक्त आले तर आडवे पडून पाय उंच करावा, स्वच्छ कापडाने त्या जागेवर दाबून धरावे, पण वर दोरी किंवा पट्टा आवळू नये. कागदावरचा रात्रीचा क्रमांक लावल्यावर फोन उचलला गेला, प्रश्न विचारले गेले आणि सकाळी रांगेत न थांबवता तपासणी झाली. त्वचेखालच्या शिरेत गुठळी होती, खोल शिरेत नव्हती आणि जांघेत ती शीर खोल शिरेला जिथे मिळते त्या जागेपासून गुठळी बरीच दूर होती.

यानंतर जे झाले ते मला या सेवेतले सर्वांत चांगले वाटले. डॉक्टरांनी माझ्यासमोर आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावला आणि दोघांनी मिळून कमी रेणुभाराच्या हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, रोजची इंजेक्शने ठरवली. हे औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचत नाही. त्याच कामाच्या वॉरफॅरिनच्या गोळ्या पोहोचतात, म्हणून त्या नाहीत. पोटाच्या कातडीखाली ते कसे टोचायचे हे दवाखान्यात शिकवले गेले. फाइलच्या वरच्या पानावर लाल शाईने लिहून दिले की कळा सुरू झाल्यावर पुढचे इंजेक्शन घेऊ नये, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर १२ तास झाल्याशिवाय पाठीच्या कण्यातून भूल देता येत नाही, आणि बाळंतपणानंतर ६ आठवडे इंजेक्शने सुरू ठेवावीत. अंगावर पाजण्याला त्याची आडकाठी नाही. प्रसूती दुसऱ्या रुग्णालयात, रात्री झाली. तेव्हा भूलतज्ज्ञांनी सर्वांत आधी हेच पान वाचले. फुगलेल्या शिरा आहेत म्हणून सिझर करावे लागते, असा एक समज आमच्या नात्यात पक्का आहे; तसे काही नसते, आणि माझे बाळंतपण नैसर्गिकच झाले.

पहिल्या भेटीतल्या त्या छापील कागदावर मालिशीबद्दलही एक ओळ होती, जी विदर्भातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी भिंतीला लावावी असे मला वाटते. आपल्याकडे मालिशवाली बाई आली की ती पायांपासून सुरुवात करते आणि पोटरी दाबून रगडल्याशिवाय तिचे समाधान होत नाही. गुठळी झालेल्या पायाला हे पूर्ण वर्ज्य आहे. पाठ, हात, खांदे हवे तेवढे रगडून घ्या, पाय सोडा, इतक्या सोप्या शब्दांत ते लिहिलेले असल्यामुळे घरात वाद झाला नाही. महिनाभर खाटेवरून उतरू न देण्याची पद्धतही आमच्याकडे मोडली. लवकर उठून चालणे हाच गुठळीवरचा एक उपाय आहे.

बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच पोटरीवरच्या बहुतेक शिरा बसल्या. उजवा पाय पूर्ण स्वच्छ झाला. म्हणजे त्या पहिल्या केंद्राच्या पॅकेजमध्ये दोन्ही पाय होते, त्यातला एक तर विनाकारणच भाजला गेला असता. डाव्या पायाची लांब शीर मात्र मूल पालथे पडू लागले तरी उठलेलीच राहिली, जडपणाही टिकून होता. पुन्हा उभ्याने डॉप्लर झाले, तीच झडप गळकी निघाली आणि तेव्हा डॉक्टरांनी लेझरचा विषय स्वतःहून काढला. आणखी एक मूल लगेच हवे असल्यास थांबता येईल, कारण प्रत्येक गरोदरपण शिरांवर ताण आणतेच, असेही त्यांनी सांगितले. आम्हाला नको होते, म्हणून मी होकार दिला.

लेझरबद्दल थोडक्यात लिहिते. सोनोग्राफीत पाहत गुडघ्याजवळून सुईच्या छिद्रातून लेझरचा बारीक तंतू शिरेत सारतात, जांघेत ती शीर खोल शिरेला जिथे मिळते त्या जागेच्या साधारण २ सेंटिमीटर अलीकडे तो थांबवतात, शिरेभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध मिसळलेले थंड सलाइन टोचून भरतात आणि मग उष्णता देत तंतू मागे ओढतात. शीर आतून मिटते आणि पुढच्या काही महिन्यांत शरीरच ती शोषून टाकते. दुखते ते सलाइन टोचतानाचे, लेझरचे नाही. लिग्नोकेन स्तनपानाला चालते. बाळाला बाहेर माझ्या आईकडे ठेवले होते आणि काम झाल्यावर मी तिथेच बसून पाजले. लगेच दवाखान्याच्या मार्गिकेत चालवले, आठवडाभर मोजे घालायला लावले आणि खोल शिरेत गुठळी सरकली नाही ना हे पाहण्यासाठी आठवड्याने फेरतपासणी केली, जिचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मांडीवर काळेनिळे डाग काही काळ राहिले. अंदाजपत्रक आधी लेखी दिले होते आणि अंतिम बिल त्याबाहेर गेले नाही. विमा असलेल्यांनी मात्र आपली पॉलिसी आधी वाचावी, कारण अनेक आरोग्य विम्यांत व्हेरिकोज व्हेन्स हा पहिल्या २ वर्षांच्या प्रतीक्षाकाळातला आजार असतो.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पायांच्या रोग्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, उद्वाहन अरुंद आणि त्याच्यापर्यंत जायलाही चार पायऱ्या चढायच्या, ही रचना कोणाला सुचली कोण जाणे. दिलेली वेळ ही केवळ नावापुरती असते. दीड-दोन तास बसण्याची तयारी ठेवावी लागते आणि प्रतीक्षागृहात पाय वर ठेवायला एकही बैठे स्टूल नाही, जिथे प्रत्येक रुग्णाला पाय वर ठेवायचा सल्ला दिला जातो. स्वागतकक्षातील मंडळींचे बोलणे तुटक आहे. डॉप्लरचा अहवाल इंग्रजीत असतो. डॉक्टर तोंडी सुरेख मराठीत समजावतात, पण माझ्यासोबत बाकावर बसलेल्या काटोलकडच्या एका बाईंना घरी जाऊन तो कागद कोणाकडून वाचून घ्यायचा हा प्रश्न होता.

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणे कठीण, त्यामुळे गरोदर बाईने ऑटोने दारापर्यंत जावे किंवा मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर काँग्रेसनगरला उतरून ऑटो करावा. भेट सकाळची पहिली मागावी. सूज नसल्याने मापे खरी येतात आणि गर्दीही कमी असते. सैल सलवार किंवा परकर घालून जावे, कारण पाय जांघेपर्यंत उघडा करावा लागतो. गरोदरपणाची फाइल, आधीच्या बाळंतपणाचे कागद आणि घरात कोणाला पायाची किंवा फुप्फुसाची गुठळी झालेली असल्यास त्याची माहिती सोबत न्यावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.